शिक्षणशास्त्र आणि व्यवस्थापन : पदवीनंतरच्या शिक्षणाविषयी नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी जून उजाडला की आमच्याकडे तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. काही कॉलेज रोडवरच्या महाविद्यालयांत अंतिम वर्षाची परीक्षा दिलेल्या मुलामुलींचे असतात, काही पेठ-सुरगाण्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे, तर काही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाच-सात वर्षे काढलेल्यांचे. आम्हा दोघांपैकी एकाने अध्यापक महाविद्यालयात आणि दुसरीने वाणिज्य विभागात शिकवलेले असल्यामुळे दोन्ही वाटांवरची मंडळी आमच्याकडेच चौकशी करतात. तारखा आणि शुल्काचे आकडे दर वर्षी बदलतात, म्हणून ते येथे दिलेले नाहीत. ज्या नियमांवर पदवीची उपयुक्तता ठरते, ते नियम मात्र शक्य तितक्या स्पष्टपणे दिले आहेत.

१. पदवी झाल्यावर या दोन शाखांत नेमके कोणकोणते अभ्यासक्रम करता येतात?

शिक्षणशास्त्रात बी.एड., त्यानंतर एम.एड., स्वतंत्रपणे एम.ए. (शिक्षणशास्त्र), आणि आधीच पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी तीन वर्षांचा एकात्मिक बी.एड.-एम.एड. असे पर्याय आहेत. व्यवस्थापन आणि वाणिज्यात एम.कॉम., एम.बी.ए. आणि पीजीडीएम हे तीन मुख्य पर्याय होत. मुंबईकडच्या जाहिरातींत दिसणारे एम.एम.एस. हे मुंबई विद्यापीठाच्या व्यवस्थापन पदवीचे नाव असून तिचा दर्जा एम.बी.ए.चाच आहे. बी.एड., एम.एड., एम.कॉम., एम.बी.ए. हे सर्व नियमित अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचे आहेत.

२. बी.एड. पदवीनंतर करतात, मग ती पदव्युत्तर पदवी धरतात का?

धरत नाहीत. बी.एड. पदवीनंतर केली जात असली तरी ती ‘बॅचलर’ पातळीची व्यावसायिक पदवी आहे. अर्जात ‘पदव्युत्तर शिक्षण’ या रकान्यात बी.एड. लिहिल्यामुळे छाननीत अर्ज बाद झाल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. ज्या पदाला पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे, तेथे बी.ए., बी.एड. एवढ्यावर भागत नाही, एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी. स्वतंत्रपणे लागते.

३. नाशिकमधली महाविद्यालये कोणत्या विद्यापीठाची आहेत? मुक्त विद्यापीठ तर नाशिकचेच आहे ना?

नाशिक जिल्ह्यातील बहुतेक पारंपरिक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. १९१४ सालचा मराठा विद्या प्रसारक समाज आणि १९१८ सालची गोखले एज्युकेशन सोसायटी या जुन्या संस्थांची महाविद्यालये याच विद्यापीठाची पदवी देतात, त्यामुळे गुणपत्रिकेवर महाविद्यालय नाशिकचे आणि विद्यापीठ पुण्याचे दिसते. त्यात गैर काहीच नाही.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ साली झाली आणि त्याचे मुख्यालय गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन येथे आहे. त्याचे कार्यक्षेत्र मात्र संपूर्ण महाराष्ट्र आहे, म्हणून नाशिकच्या रहिवाशाला तेथे वेगळे प्राधान्य मिळेल ही समजूत चुकीची आहे. याखेरीज त्र्यंबक रस्त्यावर महिरावणी येथे संदीप विद्यापीठ हे खाजगी विद्यापीठ आहे. खाजगी विद्यापीठातील प्रवेश आणि शुल्क यांचे नियम संलग्न महाविद्यालयांपेक्षा वेगळे असतात आणि त्याचा सर्वांत मोठा परिणाम शुल्क-सवलतीवर होतो. त्यासाठी प्रश्न १३ पहा.

४. प्रवेशासाठी कोणत्या परीक्षा द्याव्या लागतात?

बी.एड., एम.एड., एकात्मिक बी.एड.-एम.एड. आणि एम.बी.ए. या चारही अभ्यासक्रमांसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष स्वतंत्र सीईटी घेतो. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे बोलीभाषेत ‘कॅप’च्या, फेऱ्या होतात. एम.कॉम. आणि एम.ए.साठी राज्याची सीईटी नाही. संलग्न महाविद्यालये पदवीच्या गुणांवर प्रवेश देतात.

बी.एड.च्या सीईटीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटे असतात. बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता असे तिचे भाग आहेत. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचे असल्यास ‘ईएलसीटी’ ही इंग्रजीची जादा चाचणी द्यावी लागते. एम.बी.ए.च्या सीईटीत २०० प्रश्न १५० मिनिटांत सोडवायचे असतात, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीतच असते. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्यामुळे निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत, तर परीक्षार्थींपैकी साधारण ९० टक्के आपल्या बरोबरीचे किंवा आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या परीक्षांची नोंदणी साधारणपणे हिवाळ्यात सुरू होते आणि परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर उरकतात. पदवीचा निकाल लागल्यावर जूनमध्ये चौकशी करणाऱ्यांपैकी अनेकांची सीईटी तोवर हुकलेली असते. अंतिम वर्षात शिकत असताना सीईटीचा अर्ज भरता येतो. निकाल हाती असण्याची अट प्रवेशाच्या वेळी लागू होते.

५. मला पदवीला ४८ टक्के आहेत. दोन्हीकडचे दरवाजे बंद झाले का?

खुल्या प्रवर्गासाठी बी.एड. आणि एम.बी.ए. या दोन्हींना पदवीला किमान ५० टक्के गुणांची अट आहे. महाराष्ट्रातील मागास प्रवर्गांना आणि दिव्यांग उमेदवारांना ती ४५ टक्के आहे. खुल्या प्रवर्गात ४८ टक्के असल्यास दोन्हींची उत्तरे वेगळी येतात. बी.एड.च्या नियमात पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला ५० टक्के चालतात, त्यामुळे एम.ए. अथवा एम.कॉम. करून तेथे ५० टक्के मिळवले, तर बी.एड.ची वाट मोकळी होते. एम.बी.ए.चा नियम मात्र पदवीच्या गुणांकडेच पाहतो, त्यामुळे एम.कॉम.चे ६५ टक्के तेथे उपयोगी पडत नाहीत. अभियंत्यांना बी.एड. करायचे असल्यास विज्ञान आणि गणित या विषयांसह ५५ टक्क्यांची वेगळी अट आहे, याचीही नोंद घ्यावी.

६. माझे बी.कॉम. झाले आहे. लगेच बी.एड. करावे का?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त येतो आणि त्याचे सरळ उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. प्रवेश नक्कीच मिळू शकतो. अडचण नोकरीच्या वेळी उभी राहते. सहावी ते दहावीच्या शिक्षकांची पदे भाषा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे अशा विषयांनुसार निघतात आणि उमेदवाराने तो विषय पदवीला घेतला होता का, हे पाहिले जाते. वाणिज्य शाखेचे विषय आपल्याकडे अकरावीपासून सुरू होतात, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकाला त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अशा दोन्ही पदव्या लागतात. म्हणजे बी.कॉम., बी.एड. झालेला उमेदवार खालच्या वर्गांना विषयामुळे आणि वरच्या वर्गांना पदव्युत्तर पदवी नसल्यामुळे अडतो.

म्हणून ज्यांना खरोखर शिकवायचे आहे, त्यांनी आधी एम.कॉम. करून मग बी.एड. करावे, किंवा बी.एड. करतानाच एम.कॉम.ची तजवीज करावी (प्रश्न ११ पहा). आपल्या जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालये भरपूर आहेत, आणि चिटणिसाची कार्यपद्धती किंवा पुस्तपालन व लेखाकर्म समजावून शिकवणाऱ्या शिक्षकाला कायम जागा नसली तरी तासिका मिळतात. एम.कॉम.ला द्वितीय वर्ग, म्हणजे ५० टक्के, टिकवणे मात्र अत्यावश्यक आहे. ४९ टक्क्यांची एम.कॉम. हातात घेऊन आलेल्यांना आम्ही पुन्हा परीक्षा देऊन श्रेणी सुधारण्याचाच सल्ला देतो.

७. एम.कॉम. करू की एम.बी.ए.?

दोन्ही दोन वर्षांचेच असले तरी त्यांची जातकुळी निराळी आहे. एम.कॉम. हा विषयाचा अभ्यास आहे: लेखाशास्त्र, करआकारणी, व्यावसायिक अर्थशास्त्र, संशोधन पद्धती. अनुदानित महाविद्यालयात त्याचा खर्च बेताचा असतो, मराठीतून उत्तरपत्रिका लिहिता येते, आणि सी.ए., सी.एस. किंवा सी.एम.ए.ची तयारी अथवा बँकेच्या परीक्षा त्याच्या जोडीने करता येतात. पुढे नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा देऊन वरिष्ठ महाविद्यालयात आणि बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालयात जाण्याचे मार्ग त्यातून निघतात.

एम.बी.ए. हा कामाच्या तयारीचा अभ्यासक्रम आहे. त्यात विपणन, वित्त, मनुष्यबळ, कार्यचालन यांची तोंडओळख पहिल्या वर्षी होते, मधल्या सुट्टीत एखाद्या आस्थापनेत प्रकल्प करावा लागतो आणि दुसऱ्या वर्षी विशेषीकरण निवडायचे असते. सादरीकरणे, गटकार्य, अहवाल हे सर्व इंग्रजीतून चालते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले सत्र जड जाते हे खरे. पण ज्यांनी सीईटीच्या इंग्रजीची तयारी प्रामाणिकपणे केलेली असते, ते दुसऱ्या सत्रापर्यंत सावरतात, असे आम्ही दर वर्षी पाहतो.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, केवळ ‘पुढे काहीतरी करायचे’ म्हणून कर्ज काढून एम.बी.ए. करू नये. अनुभव नसलेल्या एम.बी.ए.ला परिसर मुलाखतीत मिळणारी पहिली नोकरी बहुधा विक्री, बँकेची शाखा किंवा विमा या क्षेत्रांतली असते. ती करण्याची तयारी असेल तर पदवीचा उपयोग होतो, आणि कार्यालयात बसून हिशेब पाहण्याचीच आवड असेल तर एम.कॉम. आणि जोडीला जीएसटी व टॅलीची चांगली तयारी यांचा खर्च कितीतरी कमी पडतो. उलट, कंपनीत तीन-चार वर्षे काढून पर्यवेक्षकाच्या पदावर अडलेल्या अभियंत्याला एम.बी.ए.चा लाभ ताज्या पदवीधरापेक्षा लवकर होतो, कारण वर्गात शिकवलेले त्याने आधी पाहिलेले असते. नोकरी न सोडता ते करायचे असल्यास प्रश्न १० पहा.

८. नाशिकमध्ये राहायचे असेल, तर एम.बी.ए.ला कोणते विशेषीकरण घ्यावे?

शहराच्या भोवती काय पिकते आणि काय घडते, ते पाहून ठरवावे. सातपूर, अंबड आणि सिन्नर येथे वाहनउद्योग, विद्युत साहित्य आणि सुटे भाग यांचे कारखाने असल्यामुळे कार्यचालन आणि पुरवठा साखळी या विशेषीकरणाला येथे नैसर्गिक वाव आहे, तरीही विद्यार्थी त्याकडे फारसे वळत नाहीत. निफाड-दिंडोरीची निर्यातीची द्राक्षे, लासलगावचा कांदा आणि वायनरी यांमुळे कृषी-व्यवसायाची जोड उपयुक्त ठरते. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रे दोन्ही समजणारी माणसे हवी असतात. मनुष्यबळ हे विशेषीकरण घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, कारखान्यातील कामगार कल्याण अधिकाऱ्याच्या पदाची पात्रता राज्याच्या नियमांत स्वतंत्रपणे दिलेली असते. एम.बी.ए. (एच.आर.) असल्यामुळे ते पद आपोआप मिळते असे नाही.

९. एम.एड. आणि एम.ए. (शिक्षणशास्त्र) यांत फरक काय? दोन्ही एकच ना?

एकच नव्हेत, आणि या गैरसमजापायी अनेकांची दोन वर्षे वाया गेलेली आहेत. एम.एड. ही राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, मान्यतेने चालणारी व्यावसायिक पदवी आहे. तिच्यासाठी आधी बी.एड. किमान ५० टक्क्यांनी उत्तीर्ण असावे लागते, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका, पूर्वीचे डी.एड.) आणि त्याबरोबर पदवी, दोन्हींत ५० टक्के, असा पर्यायही नियमात आहे. तिच्यात प्रबंधिका आणि अध्यापक महाविद्यालयातील आंतरवासिता सक्तीची असते.

एम.ए. (शिक्षणशास्त्र) ही इतिहास किंवा समाजशास्त्रासारखी विषयातील पदवी आहे. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, धोरण, मूल्यमापन हे तिचे विषय असतात. ती करायला बी.एड. लागतेच असे नाही, आणि तेवढ्याने शाळेत शिकवण्याची पात्रताही येत नाही. इग्नूची ही पदवी नोकरी करणाऱ्यांत लोकप्रिय आहे.

आता गुंतागुंतीचा भाग. अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असल्यास एनसीटीईच्या २०१४ च्या निकषांत दोन जोड्या दिल्या आहेत. एक, सामाजिक शास्त्रांतील पदव्युत्तर पदवी ५५ टक्के आणि एम.एड. ५५ टक्के. दुसरी, एम.ए. (शिक्षणशास्त्र) ५५ टक्के आणि बी.एड. ५५ टक्के. ही दुसरी जोडी ‘शिक्षणाचे दृष्टिकोन’ या गटातील पदांसाठी आहे. गणित किंवा मराठी यांच्या अध्यापन पद्धती, म्हणजे ‘मेथड’, शिकवणाऱ्या पदांना त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. लागते. म्हणून फक्त बी.ए., बी.एड., एम.एड. झालेला, पण शालेय विषयात एम.ए. नसलेला उमेदवार मुलाखतीला पोहोचत नाही. नेट, सेट किंवा पीएच.डी.ची अट याखेरीज आहेच. ती प्रश्न १६ मध्ये आहे.

१०. नोकरी न सोडता बी.एड. किंवा एम.बी.ए. करता येईल का?

एम.बी.ए. करता येईल. मुक्त विद्यापीठांचे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाने मान्यता दिलेल्या इतर विद्यापीठांचे दूरस्थ किंवा ऑनलाइन एम.बी.ए. उपलब्ध आहेत. प्रवेशाआधी त्या वर्षी, त्या विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे मंडळाच्या संकेतस्थळावर तपासावे. विद्यापीठाला मान्यता असणे आणि अभ्यासक्रमाला मान्यता असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा ‘डेब आयडी’, म्हणजे या मंडळाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. जो मध्यस्थ तो नको म्हणतो, त्याच्यापासून दूर राहावे.

बी.एड.चे उत्तर निराळे आहे. दूरस्थ पद्धतीचे बी.एड. सर्वांसाठी खुले नाही. प्राथमिक स्तरावर सेवेत असलेले प्रशिक्षित शिक्षक, अथवा ज्यांनी एनसीटीई-मान्य अध्यापक शिक्षण प्रत्यक्ष पद्धतीने पूर्ण केले आहे, अशांनाच ते करता येते. मुक्त विद्यापीठाचे बी.एड. याच चौकटीत चालते, म्हणून डी.एड. झालेल्या जिल्हा परिषद शिक्षकांना ते सोयीचे आहे. कारखान्यात किंवा पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या पदवीधराला मात्र नियमित बी.एड.च करावे लागते. त्यात तासांना ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती आवश्यक आहे आणि आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची असते, तेव्हा पूर्णवेळ नोकरी करत ते प्रामाणिकपणे पूर्ण होण्याची शक्यता नाही.

‘हजेरी न लावता परराज्यातून बी.एड.’ अशी जाहिरात नाशिकच्या बसस्थानकाजवळच्या भिंतींवर आम्हीही वाचतो. वर दिलेली उपस्थितीची अट परराज्यालाही लागू आहे. पडताळणीच्या वेळी एकाच काळातील नोकरीचे हजेरीपत्रक आणि बी.एड.चे हजेरीपत्रक शेजारी शेजारी ठेवले गेले, तर पदवी आणि नोकरी दोन्ही धोक्यात येतात.

११. बी.एड. आणि एम.कॉम. एकाच वेळी केले तर चालते का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास परवानगी दिली. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष पद्धतीचे असल्यास त्यांच्या वेळा एकमेकींत येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन असल्यासही चालते. बी.एड.चा दिवस पाठ, पाठ-निरीक्षण आणि आंतरवासिता यांत भरलेला असल्यामुळे नियमित बी.एड. आणि दूरस्थ एम.कॉम. हीच जोडी व्यवहारात जमते. दोन्ही परीक्षांच्या तारखा एकाच आठवड्यात आल्या, तर कोणतेही विद्यापीठ आपल्यासाठी वेळापत्रक बदलणार नाही, हे गृहीत धरावे. ही परवानगी एप्रिल २०२२ च्या आधी घेतलेल्या दुहेरी पदव्यांना सरसकट लागू आहे असे मानून जुन्या गुणपत्रिका अर्जाला जोडू नयेत. अशा प्रकरणी संबंधित विद्यापीठाचे लेखी उत्तर घ्यावे.

१२. पीजीडीएम म्हणजे एम.बी.ए.च ना?

अभ्यासक्रम सारखा असतो, कागद वेगळा असतो. पीजीडीएम ही विद्यापीठाची पदवी नसून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने स्वायत्त संस्थेने दिलेली पदविका आहे. खाजगी नोकरीत याने फरक पडत नाही. पुढे पीएच.डी. करायची असल्यास किंवा शासकीय जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी’ असा शब्द असल्यास त्या पीजीडीएमला भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे का, हे प्रवेशापूर्वीच पाहावे.

१३. शुल्क-सवलत आणि शिष्यवृत्ती कोणाला मिळते?

व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्य शासनाच्या सवलती महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्त जाती यांच्यासाठी त्या त्या विभागाच्या योजना आहेत. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले.

या सवलतींचा गाभा एका अटीत आहे: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर थेट घेतलेल्या जागेवर, तसेच खाजगी विद्यापीठात, ही सवलत मिळत नाही. दोन-तीन पर्सेंटाइलने हवे ते महाविद्यालय हुकले म्हणून घाईने थेट प्रवेश घेणाऱ्या मुलीने कधी कधी पूर्ण शुल्कमाफी सोडून दिलेली असते, आणि हे तिच्या घरी दिवाळीनंतर समजते. फेऱ्या संपेपर्यंत धीर धरावा.

खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्याहून जास्त रक्कम पावतीशिवाय मागितली गेल्यास ती देणे आपल्यावर बंधनकारक नाही.

१४. बी.एड. झाल्यावर टीईटी लागतेच का? पहिली ते पाचवीला शिकवता येईल का?

पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अनिवार्य आहे. राज्याची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. १५० गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के आणि आरक्षित प्रवर्गांना ५५ टक्के लागतात. प्रमाणपत्र आता आजीवन वैध आहे. नववी ते बारावीसाठी टीईटीची अट नाही, परंतु पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे ‘टेट’, सर्वांनाच द्यावी लागते. टीईटी आणि टेट यांची गल्लत करू नये.

पहिली ते पाचवीबाबत सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी निर्णय दिला आहे. त्यानुसार बी.एड. ही या वर्गांसाठी पात्रता नाही, तेथे डी.एल.एड. लागते. ज्यांना लहान मुलांनाच शिकवायचे आहे, त्यांनी बी.एड.ला जाऊ नये, एवढे स्पष्ट हे उत्तर आहे.

१५. मी पंधरा वर्षे सेवेत आहे, टीईटी झालेली नाही. आता काय?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयानुसार, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहता येते, मात्र टीईटीशिवाय पदोन्नती मिळत नाही. मालेगावमधून उर्दू शाळांविषयी विचारणा येत असते. अल्पसंख्याक संस्थांना ही अट लावावी का, हा प्रश्न त्याच निर्णयात मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला आहे. एम.एड. असले तरी टीईटीतून सूट मिळत नाही.

१६. वरिष्ठ महाविद्यालयात प्राध्यापक होण्यासाठी कोणती पदवी घेऊ?

एम.कॉम. किंवा शिक्षणशास्त्राच्या मार्गाने जाणाऱ्यांना पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. नेटमध्ये वाणिज्याचा विषय क्रमांक ८, शिक्षणशास्त्राचा ९ आणि व्यवस्थापनाचा १७ आहे. अर्ज भरताना वाणिज्य आणि व्यवस्थापन यांत घोळ होतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेते.

एम.बी.ए. महाविद्यालयात शिकवण्याचे निकष तंत्रशिक्षण परिषद ठरवते. तेथे एम.बी.ए. किंवा समकक्ष पदवी प्रथम वर्गात आणि त्यानंतर दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. त्यामुळे एम.बी.ए. होताच शिकवायला लागण्याऐवजी दोन वर्षे कंपनीत काढणे हाच नियमाप्रमाणेही योग्य क्रम आहे.

१७. मुख्याध्यापक व्हायला एम.एड. लागते का?

लागत नाही. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. त्यातील किमान दोन वर्षे बी.एड. नंतरची असावीत. पुढे सेवाज्येष्ठता पाहिली जाते. मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका अनेक शिक्षक करतात. संच मान्यता, अंदाजपत्रक, सेवापुस्तक या रोजच्या कामांत तिचा उपयोग होतो.

१८. एक वर्षाचे बी.एड. पुन्हा सुरू होणार म्हणतात. थांबू का?

न्या. जगदीश शरण वर्मा आयोगाच्या शिफारशींनंतर २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची कल्पना आहे आणि २०२५ मध्ये एनसीटीईने त्यासंबंधीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. तीन वर्षांची साधी पदवी असणाऱ्यांना यातून काहीच मिळत नाही, त्यांनी थांबण्याचे कारण नाही. एम.ए. किंवा एम.कॉम. झालेल्यांनी मसुद्यावर विसंबून वर्ष घालवू नये. अंतिम अधिसूचना आणि नाशिकच्या महाविद्यालयाला मिळालेली प्रत्यक्ष मान्यता, असे दोन्ही कागद समोर आल्यावरच निर्णय घ्यावा.

१९. माझे वय ४१ आहे. वयाची अट आहे का?

बी.एड. किंवा एम.बी.ए.च्या सीईटीला कमाल वयोमर्यादा नाही. शासकीय भरतीला आहे, म्हणून बी.एड. पूर्ण होईल त्या वर्षी आपले वय किती असेल ते आधी मोजावे. पदवीनंतर खंड पडलेला असल्यास प्रवेशाच्या वेळी खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

२०. बी.एस्सी. नंतर एम.बी.ए. केले, आठ वर्षे कंपनीत आहे, आता शिकवावेसे वाटते. पुन्हा सगळे शिकावे लागेल का?

कोणाला शिकवायचे, यावर ते अवलंबून आहे. शाळेत विज्ञान किंवा गणित शिकवायचे असल्यास आपली बी.एस्सी. कामाची आहे, तिच्यावर नियमित बी.एड. करावे आणि सहावी ते आठवीसाठी टीईटी द्यावी. एम.बी.ए.चे गुण तेथे मोजले जात नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवण्यासाठी एम.बी.ए. ही एम.कॉम.च्या जागी धरली जाईल असे गृहीत धरू नये. एम.बी.ए.च्या विद्यार्थ्यांना शिकवायचे असल्यास मात्र आपल्याकडे बहुतेक सर्व काही आहे: प्रथम वर्ग असेल, तर आठ वर्षांचा अनुभव प्रश्न १६ मधील अट कितीतरी पटींनी पूर्ण करतो. नोकरी सोडण्याआधी एखाद्या संस्थेत शनिवारी अतिथी व्याख्याता म्हणून एक सत्र शिकवून पाहावे. अनुभवाचे प्रमाणपत्र कंपनीच्या लेटरहेडवर, पदनाम आणि रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखांसह, बाहेर पडण्यापूर्वीच घ्यावे, कारण नंतर ते मिळवताना फार फेऱ्या माराव्या लागतात.